महत्त्वाचं काम यादीत खाली का जातं? कामाच्या ॲपमधला क्रम दुरुस्त करताना काय तपासायचं

आधी लक्षणं पाहा. यातलं एकही तुमच्या यादीत दिसत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

– लाल खूण लावलेलं काम यादीच्या तळाशी, आणि 'स्टेपलरच्या पिना आणणे' सगळ्यात वर.
– सोमवारी ॲप उघडलं की मुदत उलटलेल्या कामांची रांग, आजचं काम तिच्याखाली दिसतच नाही.
– निम्म्याहून जास्त कामं लाल.
– फोनवर एक क्रम, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुसरा, साहेबांच्या स्क्रीनवर तिसरा.
– ओढून वर ठेवलेलं काम परत जागच्या जागी.
– 'आज'मध्ये कालची कामं.
– काम वर आहे, लाल आहे, तारीखही जवळ आली, तरी ते पुढे सरकत नाही.

मुंबईतल्या लहान ऑफिसांना, छापखान्यांना, सोसायट्यांना कामाच्या याद्या ॲपवर लावून देणं आणि बिघडल्या की दुरुस्त करणं हे माझं काम. फोर्टला जा नाहीतर बोरिवलीला, बोलावणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं: "मॅडम, हे ॲप बदलून द्या." माझं उत्तरही ठरलेलं आहे. ॲप बदलू नका. नव्या ॲपमध्ये तीच कामं, त्याच तारखा, तेच रंग जातात आणि यादी पुन्हा तशीच लागते. शिवाय ऑफिसातल्या लोकांना दुसऱ्यांदा नवीन काही शिकायला लावलं, की ते वहीत लिहायला लागतात आणि ॲपकडे बघणं सोडून देतात.

ॲपला तुमचं काम कळत नाही. 'जीएसटी भरणे' आणि 'कुंड्यांना पाणी घालणे' या त्याच्या लेखी दोन ओळी. प्रत्येक ओळीला काही रकाने जोडलेले असतात: मुदतीची तारीख, प्राधान्याची पातळी, तारा, हाताने ठेवलेली जागा, ओळ कधी लिहिली ती वेळ, काम कोणाकडे आहे, कशावर अडलंय. क्रम लावताना ॲप यातला एक रकाना पहिला धरतं. दुसऱ्या रकान्याकडे वळतं ते पहिल्यात बरोबरी झाली तरच. तारीख पहिली असेल, तर २० तारखेचं लाल काम १९ तारखेच्या बिनरंगी कामाच्या खालीच येणार. लाल रंगाला मान मिळेल तो फक्त २० तारखेच्या इतर कामांमध्ये. मोजकी सॉफ्टवेअर्स याहून वेगळी चालतात. ती सगळ्या रकान्यांना गुण देतात आणि बेरीज करतात. त्यांचं गणित पुढे दाखवते, कारण त्यावरून बाकीच्यांचंही वागणं समजतं.

आता तपासण्या. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. मधली पायरी वगळू नका. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच सुटणारी तक्रार लोक शेवटच्या पायरीवर नेऊन सॉफ्टवेअरवाल्याला पैसे देतात.

यादीचा क्रम कशावर लावलाय?

क्रम लावण्याचा मेनू उघडा आणि तिथे काय निवडलंय ते वाचा. अर्ध्या मिनिटाचं काम, खर्च काही नाही. बहुतेक वेळा तिथे 'तारीख' किंवा 'तयार केल्याची वेळ' निघते, आणि माणूस इतके दिवस यादी महत्त्वाप्रमाणे आहे असं धरून चाललेला असतो.

ओढून वर ठेवलेलं काम परत जात असेल तर कारण हेच. हाताने लावलेली जागा हा स्वतंत्र रकाना आहे. क्रम तारखेवर असताना तो वाचलाच जात नाही. 'माझा क्रम' निवडा, मग ओढा.

तुमच्या ॲपमध्ये पातळ्या आहेत का, तेही इथेच बघून घ्या. गूगल टास्क्समध्ये उच्च, मध्यम, कमी असं काही नाही, तारा आहे. थिंग्जमध्येही पातळ्या नाहीत, 'आज'ची यादी तुम्ही लावाल तशी. टूडूइस्टमध्ये चार पातळ्या आहेत आणि काहीच निवडलं नाही तर काम चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवर राहतं. मायक्रोसॉफ्ट प्लॅनरमध्येही तातडीचं, महत्त्वाचं, मध्यम आणि कमी अशा चार आहेत, पण तिथे न निवडलेलं काम 'मध्यम' होतं. हा फरक छोटा वाटतो, पण त्यानेच बरेच घोळ होतात. प्लॅनरमध्ये कोणी विचार करून 'कमी' ठरवलेलं काम, कोणी बघितलेलंही नाही अशा 'मध्यम' कामाच्या खाली जातं. म्हणून प्लॅनर वापरणाऱ्या ऑफिसात मी आधी 'मध्यम' कामांवरून नजर फिरवते.

मायक्रोसॉफ्ट टू डू वापरणाऱ्यांची आणखी एक तक्रार असते: काल रात्रीपर्यंत 'माय डे'मध्ये होतं, सकाळी गायब. ती यादी रोज रात्री रिकामी होते, ती तशीच बनवलेली आहे. काम पुसलेलं नसतं, मूळ यादीत असतं. सकाळी परत उचलून आणायचं. आणि तारा लावलेलं काम वर जावं असं वाटत असेल तर त्यासाठी सेटिंगमध्ये वेगळं बटण आहे, ते चालू आहे का बघा.

जिरा (सॉफ्टवेअर टीम वापरतात ते कामाचं ॲप) वापरणाऱ्यांनी तर हे नीट समजून घ्यावं. तिथे 'प्रायॉरिटी' आणि 'रँक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादं काम 'हायेस्ट' केलं तरी बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत, ते जागचं हलत नाही, कारण बॅकलॉग रँकने लागतो आणि रँक ठरतो तो ओढून ठेवल्याने. उलट बोर्डाच्या फिल्टरमध्येच क्रम प्रायॉरिटीवर लावलेला असेल, तर ओढणं बंद होतं. मॅनेजर प्रायॉरिटी बदलत राहतो, टीम रँकप्रमाणे काम करत राहते, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा ऐकत नाही.

दोघांच्या स्क्रीनवर वेगळा क्रम असेल तर दोन्ही फोन शेजारी ठेवून क्रम आणि फिल्टर ताडून बघा. बऱ्याच ॲप्समध्ये ही निवड प्रत्येकाची आपापली असते. एकाने बदलली म्हणून दुसऱ्याची बदलत नाही.

गूगल शीटसारख्या पत्रकात यादी असेल तर: क्रम अक्षरांनी लागलाय का?

पुष्कळ लहान ऑफिसं अजून गूगल शीटवरच काम चालवतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण प्राधान्याच्या रकान्यात 'उच्च', 'मध्यम', 'कमी' असं लिहून क्रम लावला, की शीट तो वर्णमालेप्रमाणे लावतं: उच्च, कमी, मध्यम. वरची कामं बरोबर असल्यामुळे कोणाला शंका येत नाही, आणि मध्यम महत्त्वाचं सगळं काम तळाला जाऊन बसतं. शब्दांच्या आधी आकडा लावा: १-उच्च, २-मध्यम, ३-कमी. पातळ्या नऊच्या वर असतील तर ०१, ०२ असं लिहा, नाहीतर १० हा २ च्या आधी येईल. पातळ्या नऊच्या वर असूच नयेत, हे माझं मत.

रिकाम्या रकान्यांचंही ध्यानात ठेवा. गूगल शीट आणि एक्सेल दोन्हींत रिकामी ओळ तळाशी जाते, क्रम चढता लावा नाहीतर उतरता. तारीख लिहायची राहिली की ते काम नजरेआड झालंच.

घड्याळ आणि तारखेची पद्धत

मुंबईची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. खातं प्रमाणवेळेवर राहिलं असेल, तर ॲपचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. दहाला ऑफिस उघडणाऱ्याला ते कधी जाणवत नाही. पण दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला माल उतरवून घेणाऱ्याला 'आज'मध्ये कालची यादी दिसते. खातं कोणी कॅलिफोर्नियाच्या वेळेवर ठेवलं असेल तर त्रास सगळ्यांनाच होतो, कारण तिथला दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराला किंवा दीडला बदलतो, ऋतूप्रमाणे. परदेशी कंपनीसाठी काम करणाऱ्या टीममध्ये हे हमखास सापडतं. फोनची वेळ बरोबर असली म्हणून खात्याची बरोबर असेल असं नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कोलकाता' किंवा भारतीय प्रमाणवेळ निवडली आहे का, ते स्वतः बघा.

तारखेच्या पद्धतीचा घोळ याहून वाईट, कारण तो दिसत नाही. ०५/०६ म्हणजे आपल्याला ५ जून. अमेरिकी पद्धतीच्या शीटला तो ६ मे. काम एका झटक्यात महिनाभर आधीचं होतं आणि मुदत उलटलेल्यांच्या रांगेत सगळ्यात वर जातं. १३/०६ आला की शीट गडबडतं, कारण तेरावा महिना नाही, म्हणून ते त्याला नुसता मजकूर समजतं. ओळखायचं कसं? तारखेच्या रकान्याची रुंदी जरा वाढवा. ज्या तारखा उजवीकडे चिकटल्या आहेत त्या शीटला तारखा म्हणून कळल्या, डावीकडे चिकटलेल्या मजकूर झाल्या. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, की रोग पकडला म्हणून समजा.

शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत करा. मात्र त्याने पुढच्या तारखा सुधारतील, आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या नाहीत. ६ मे म्हणून साठवलेली तारीख ६ मेच राहते, फक्त लिहायची पद्धत बदलते. मूळ फाइल पुन्हा आणावी लागते किंवा त्या ओळी हाताने दुरुस्त कराव्या लागतात. सेटिंग बदललं, चला झालं, असं म्हणून उठू नका.

याच ठिकाणी सिंकही, म्हणजे दोन उपकरणांवरची यादी जुळते का तेही, बघून घ्या. दोन्ही उपकरणांवर खातं तेच आहे ना, ॲप अद्ययावत आहे ना, यादी खाली ओढून ताजी केली का. लोकलमध्ये रेंज नसताना फोनवर कामं मार्गी लावली आणि ॲप बंद केलं, की ते बदल फोनमध्येच पडून राहू शकतात. ऑफिसात पोचल्यावर आधी फोनवर ॲप उघडा, बदल वर चढू द्या, मग कॉम्प्युटरला हात लावा.

खोट्या तारखा

मी सोडवलेल्या सगळ्यात जास्त तक्रारी इथे निघाल्या, म्हणून इथे जरा थांबते.

टास्कवॉरिअर नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, कमांड टाइप करून चालणारं. ऑफिसात मी ते सहसा कोणाला देत नाही. पण ते कामाला गुण कसे देतं हे सगळं उघड लिहिलेलं आहे, आणि गुण देणारं ॲप कसा विचार करतं हे समजवायला त्याच्यासारखं उदाहरण नाही. मुळात ठरवून दिलेले आकडे असे: 'उच्च' पातळीला ६ गुण, 'मध्यम'ला ३.९, 'कमी'ला १.८. मुदतीच्या तारखेला जास्तीत जास्त १२. तारीख चौदा दिवस किंवा त्याहून लांब असेल तर या १२ चा पाचवा हिस्सा, म्हणजे २.४. तारीख जवळ येईल तसे गुण चढत जातात आणि मुदत उलटून सात दिवस झाले की पुरे १२. काम जुनं होत गेलं त्याचे वेगळे गुण, पण वर्षभरात मिळून फक्त २.

आता एका सीएच्या ऑफिसातली दोन कामं घ्या. एक, 'नव्या ग्राहकाचं करारपत्र तपासणे'. पातळी उच्च, तारीख घातलेली नाही. गुण ६. दुसरं, 'फायलींचं कपाट आवरणे'. पातळी काही नाही, पण लिहिताना कोणीतरी सहज 'शुक्रवार' टाकलं आणि तो शुक्रवार जाऊन तीन दिवस झाले. गुण १०.२. चार दिवसांनी ते १२ होतील, करारपत्राच्या दुप्पट. सॉफ्टवेअरने काही चूक केलेली नाही. त्याला सांगितलं गेलं की कपाटाची मुदत उलटली, त्याने ते खरं मानलं.

दुरुस्ती दोन्ही टोकांनी करायची. कपाटाची तारीख काढून टाका, गुण शून्यावर येतात. करारपत्राला खरी तारीख द्या. ती महिनाभर पुढची असली तरी बेरीज ८.४ होते, आणि जवळ येईल तशी वाढत जाते.

खरी तारीख कुठली हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारते: या दिवसानंतर काम झालं तर कोणाचं काय बिघडेल? महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस जमा करायचा, दरमहा विवरण भरणाऱ्याने ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणं भरायची, या खऱ्या तारखा, चुकल्या तर पैसे जातात. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, आगीची यंत्रणा नीट असल्याचा दाखला, म्हणजे 'फॉर्म बी', जानेवारीत आणि जुलैत, याही खऱ्या. 'कपाट शुक्रवारी' ही इच्छा आहे. इच्छेला जागा हवी, पण मुदतीच्या रकान्यात नको. थिंग्ज आणि टूडूइस्टमध्ये 'कधी करणार' आणि 'शेवटची मुदत' असे दोन रकाने वेगळे आहेत. तुमच्या ॲपमध्ये एकच असेल तर इच्छेसाठी 'या आठवड्यात' असा टॅग लावा.

जुलैत रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडतात, एक दिवस ऑफिस उघडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी यादी मुदत उलटलेली दिसते. अशा वेळी 'सगळं आजवर आणा' या बटणाचा मोह होतो. ते दाबू नका. दाबलं की कपाट आणि करारपत्र दोघांची तारीख एक होते, खरी मुदत कोणती होती ते पुसलं जातं, आणि संध्याकाळी तीच यादी पुन्हा उलटते. एकेक ओळ घ्या: खरी तारीख असेल तर ती तशीच ठेवून काम हातात घ्या, खोटी असेल तर काढून टाका.

परत परत येणाऱ्या कामांची तारीखही तपासा. टूडूइस्टमध्ये 'एव्हरी' लिहून लावलेलं काम मूळ तारखेपासून पुढचं मोजतं, आणि 'एव्हरी'ला उद्गारचिन्ह जोडलं तर काम पूर्ण केलेल्या दिवसापासून. जीएसटीला पहिली पद्धत हवी, कारण उशिरा भरलं म्हणून पुढच्या महिन्याची २० तारीख हलत नाही. पाण्याच्या टाकीच्या सफाईला दुसरी हवी, नाहीतर आज साफ केलेली टाकी पंधरा दिवसांत परत लाल होते. इतर ॲप्समध्ये हीच निवड सेटिंगमध्ये असते, शब्द वेगळे असतात.

सगळंच लाल

सगळ्या कामांची पातळी एकच झाली, की त्या रकान्यात बरोबरीच बरोबरी होते आणि ॲप पुढच्या रकान्यावर उतरतं, जो पुष्कळदा 'कधी लिहिलं' हा असतो. म्हणजे सगळं लाल करणाऱ्याची यादी खरं तर लिहिलेल्या वेळेप्रमाणे चाललेली असते. सगळ्यांचे रंग काढा आणि एका माणसाला एका वेळी तीनच लाल कामं ठेवायची असा नियम लावा. चौथं लाल करायचं असेल तर आधीच्या तिघांपैकी एकाचा रंग काढायचा. हे ऑफिसात एकत्र बसून करा, कारण भांडण व्हायचंच असेल तर ते यादी लावताना झालेलं बरं.

त्यानंतरही यादी आवरत नसेल, तर तासांची बेरीज करून बघा. इथे ऑपरेशन्स रिसर्चमधले, म्हणजे कामाचं नियोजन गणिताने करण्याच्या शास्त्रातले, दोन जुने निष्कर्ष उपयोगी पडतात. १९५५ मध्ये जे. आर. जॅक्सन यांनी दाखवलं की एका माणसाने कामं मुदतीच्या क्रमाने केली तर सगळ्यात जास्त उशीर झालेल्या कामाचा उशीर कमीत कमी राहतो. बहुतेक ॲप्सची तारखेची यादी हेच करते. पण एकूण किती कामांना उशीर होईल, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर जे. एम. मूर यांनी १९६८ मध्ये दिलं: मुदतीच्या क्रमाने जा, आणि एखादं काम उशिरा होणार असं दिसलं की तोवरच्या कामांपैकी सगळ्यात लांबलचक काम उचलून शेवटी टाका.

छापखान्यातला एक दिवस घ्या, सकाळी दहाला सुरुवात. व्हिजिटिंग कार्डं, एक तास, बाराला हवीत. मंडळाची वर्गणीची पुस्तकं, चार तास, तीनला हवीत. लग्नपत्रिकांचं प्रूफ, दोन तास, चारला हवं. बॅनरचं डिझाइन, एक तास, पाचला हवं. तारखेच्या यादीने गेलात तर कार्डं अकराला, पुस्तकं तीनला, प्रूफ पाचला, बॅनर सहाला. दोन गिऱ्हाइकं नाराज. प्रूफला उशीर होतोय हे दिसताच पुस्तकं शेवटी ढकला: कार्डं अकराला, प्रूफ एकला, बॅनर दोनला, पुस्तकं सहाला. नाराज एकच, आणि त्या मंडळाला सकाळीच फोन करून सांगता येतं. ॲप हे आपणहून करणार नाही, बहुतेक ॲप्सना काम किती तासांचं आहे हेच माहीत नसतं. लाल कामांपुढे तरी तास लिहायची सवय लावा. एक अट आहे: सगळ्यात लांब काम कायद्याच्या मुदतीचं असेल तर ते ढकलायचं नाही, त्याच्या खालोखालचं लांब काम ढकलायचं.

वर आहे, तरी अडलंय

हे शेवटचं लक्षण, आणि ओळखायला सगळ्यात कठीण. 'जीएसटीआर-३बी भरणे' लाल, २० तारीख, वरिष्ठ बाईंकडे. पण त्यासाठी ग्राहकाची खरेदीची बिलं हवीत, आणि 'बिलं मागवणे' हे काम ज्युनिअरकडे 'कमी' पातळीवर पडलंय. ज्युनिअरचा दिवस मध्यम कामांत जातो. तो यादीप्रमाणेच चाललाय, त्याला बोल लावून उपयोग नाही. स्लो मार्गावर धिम्या गाडीमागे फास्ट लोकल अडकावी तसं हे.

जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाच्या कॉम्प्युटरला नेमकं हेच झालं होतं. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने एक कुलूप (सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारं) धरून ठेवलं होतं, वरच्या प्राधान्याचं काम त्या कुलपाची वाट बघत होतं, आणि मधल्या पातळीचं काम खालच्याला वेळच मिळू देत नव्हतं. कॉम्प्युटर स्वतःला परत परत रीसेट करत होता. पृथ्वीवरून पाठवलेली दुरुस्ती साधी होती: ज्याने वरच्याला अडवलंय, त्याला तेवढ्यापुरतं वरच्याचं प्राधान्य द्यायचं.

यादीतही तेच करा. दोन्ही कामं एकमेकांना जोडा, 'हे त्यावर अवलंबून' अशी सोय जिरा, आसनासारख्या ॲप्समध्ये आहे. टास्कवॉरिअरमध्ये अशी जोडणी केली की अडवणाऱ्या कामाला ८ गुण जास्त मिळतात, अडलेल्याचे ५ वजा होतात. तीन दिवसांवर आलेलं ३बीचं काम ८.४ वर येतं आणि बिनतारखेचं 'बिलं मागवणे' ९.८ वर, म्हणजे बरोबर वर. बाकी बहुतेक ॲप्स जोडणी नुसती दाखवतात, पातळी चढवत नाहीत. तिथे 'बिलं मागवणे' हाताने लाल करायचं आणि ३बीच्या आधीची तारीख द्यायची.

इथे थांबा

इथवर सगळं करूनही क्रम बिघडत असेल, तर पुढचं काम स्वतः करू नका.

दोन ॲप्स एकमेकांना जोडलेली आहेत आणि रंग उलटे येतायत: पातळ्यांचे आकडे सगळीकडे एका दिशेने चालत नाहीत. कॅलेंडरच्या प्रमाण पद्धतीत १ सर्वोच्च, ९ सर्वात कमी आणि ० म्हणजे ठरवलेलं नाही. टूडूइस्टच्या ॲपमध्ये पहिली पातळी सर्वोच्च दिसते, पण प्रोग्रामरला ती ४ म्हणून मिळते. खात्री करायला 'चाचणी' नावाचं एक लाल काम एका बाजूला लिहा आणि दुसऱ्या बाजूला कुठल्या रंगात उमटतं ते बघा. उलटं उमटलं तर ज्याने जोडणी केली त्याला बोलवा. हाताने रंग बदलत बसलात तर पुढच्या सिंकला सगळं परत फिरेल.

पातळी किंवा तारीख आपोआप बदलतेय, कोणी बदलली ते सापडत नाही: कामाच्या इतिहासात 'ऑटोमेशन'चं नाव दिसेल. ते नियम ऑफिसचा ॲडमिनच बघू शकतो आणि त्यानेच बदलावेत, कारण एक नियम अनेक बोर्डांवर चालत असतो.

कामं दिसेनाशी झाली आहेत, फिल्टर काढूनही: काही पुसू नका, ॲप काढून परत टाकू नका, फोनमध्ये न चढलेले बदल असतील तर ते त्याने जातात. यादी एक्स्पोर्ट करून ठेवा आणि कंपनीच्या सपोर्टला लिहा.

कायद्याच्या तारखेबद्दल शंका असेल तर सीएला किंवा सोसायटीच्या ऑडिटरला विचारा. मुदती सरकार कधी कधी वाढवतं, आणि ॲपमधली जुनी तारीख ते सांगत नाही.

आणि तासांची बेरीजच दिवसापेक्षा जास्त येत असेल, तर तंत्रज्ञाला बोलावून काही होणार नाही. ती यादी छापा, तास लिहा आणि काम सोपवणाऱ्या साहेबांसमोर ठेवा. कोणतं काम सोडायचं हे त्यांनी सांगायचं असतं.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: दोन्ही स्क्रीनचे एकाच वेळी काढलेले फोटो, चुकीच्या जागी दिसणाऱ्या एका कामाचं नाव आणि त्याचा इतिहास, खात्याची वेळ कुठल्या देशाची आहे ते, आणि गडबड पहिल्यांदा दिसली ती तारीख. त्या तारखेच्या आसपास ऑफिसात काय बदललं, नवीन माणूस आला, नवीन फोन आला, कोणी नवीन ॲप जोडलं, तेही लिहून ठेवा. येणारा माणूस सगळ्यात आधी तेच विचारेल.